जलदान विधीच्या आधी काय? मरणाच्या दारातला माणूस आणि आपण विसरलेला इतिहास

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही वस्तीत बौद्ध घरात मयत झाली की तासाभरात सगळी यंत्रणा कामाला लागते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज पडतो, बौद्धाचार्यांना फोन जातो, मंडळाची पोरं सतरंज्या आणि माईक घेऊन येतात. त्रिशरण-पंचशील होते, बुद्धपूजा होते. पुढे ठरल्या दिवशी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन होते, चार माणसे मृताविषयी चांगले बोलतात. भटजी नाही, पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणे नाही. याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो असलाच पाहिजे. आपल्या आई-बापांनी हे सगळे शून्यातून उभे केले आहे.

पण एक प्रसंग आम्हाला काही केल्या विसरता येत नाही. अमळनेरकडच्या एका गावातली म्हातारी आजी तोंडाच्या कर्करोगाने चार महिने अंथरुणाला खिळून होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले होते. आम्ही कार्यकर्ते म्हणून तिच्याकडे दोनदा गेलो. एकदा निराधार योजनेचा अर्ज भरायला आणि एकदा दवाखान्याचे कागद द्यायला. दुसऱ्या वेळी ती अहिराणीत म्हणाली, "माले एकलं सोडू नका, भाऊसहोन." आम्ही म्हणालो, "आजी, काळजी करू नका, औषध चालू आहे," आणि निघालो. आम्हाला मीटिंग होती. ती गेली तेव्हा मात्र आम्ही तासाभरात माईकसकट हजर होतो. जलदान विधी झाल्यावर तिची सून म्हणाली, "भाऊ, आज सगळे आलात. शेवटच्या महिन्यात रात्ररात्र ती घाबरायची. मी शेवटी भगताला बोलावलं. दुसरं कोण होतं?"

भगताला बोलावले म्हणून त्या सुनेला अंधश्रद्ध ठरवणे सोपे आहे. आम्हाला तो हक्क नाही. ज्या जागी आपण असायला हवे होते ती जागा आपण रिकामी ठेवली आणि भगत येऊन बसला. मरणानंतरचा विधी आपण बदलला, पण मरणाआधीची सोबत उभी केली नाही. ही सोबत धम्मात स्पष्ट सांगितलेली आहे आणि तिची जबाबदारी भिक्खूंइतकीच उपासक-उपासिकांवर आहे, एवढेच या लेखात आम्हाला मांडायचे आहे.

आधी शब्दाचा प्रश्न

वैद्यकात हा विषय नवीन नाही. सिसिली सॉन्डर्स या ब्रिटिश डॉक्टरबाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. मरणासन्न माणसाची वेदना फक्त शरीराची नसते, असे त्यांनी मांडले. घरची चिंता, पैशांची चिंता, भीती, आयुष्यात काय केले हा प्रश्न, हे सगळे मिळून एकच वेदना होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपशामक सेवेच्या, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरच्या व्याख्येतही शारीरिक, मानसिक-सामाजिक आणि 'स्पिरिच्युअल' अशा तिन्ही त्रासांचा उल्लेख आहे.

या 'स्पिरिच्युअल'चे मराठीत 'आध्यात्मिक' होते आणि तिथेच आपला कार्यकर्ता अडतो. अध्यात्म या शब्दात आत्मा आहे. बुद्धाने आत्मा नाकारला, बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. मग आपण 'आध्यात्मिक सेवा' कशी करणार? आक्षेप बरोबर आहे, पण तो शब्दाला आहे. मरणाच्या भीतीने रात्री तीन वाजता उठून बसणाऱ्या माणसाचा त्रास आत्मा नाकारल्याने संपत नाही. त्याला चित्त आहे आणि त्या चित्ताला दुःख आहे. दुःखावरच तर धम्म उभा आहे. म्हणून आम्ही इथे 'मनाची शुश्रूषा' असा साधा शब्द वापरतो. पालीत आजाऱ्याची सेवा करणाऱ्याला 'गिलानुपट्ठाक' असा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या परंपरेला या कामासाठी वेगळा शब्द लागला, तिच्यात ते काम किती महत्त्वाचे असेल याचा विचार करा.

दुसऱ्यांच्या मरणाची वेठ, आपल्या मरणाला कोणी नाही

आपला या विषयातला इतिहास समजून घ्यायचा तर गावगाड्यापासून सुरुवात करावी लागते. महारकीच्या कामांत दुसऱ्यांच्या मरणाची कामे ठरलेली होती. गावात कोणी वारले की मयताची खबर घेऊन गावोगाव जायचे, मग ऊन असो वा पाऊस. सरणाला लाकडे पोहोचवायची. मेलेली जनावरे ओढायची. मोबदला काय, तर प्रेतावरचे कापड. गावातल्या प्रत्येक घराचे मरण आपल्या वाडवडिलांच्या पायांवर आणि खांद्यांवर होते. पण त्यांच्या स्वतःच्या मरणाजवळ गावातले कोण येऊन बसत होते?

उत्तर बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात त्यांनी काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र दिले आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. शिक्षकाची पत्नी बाळंत झाली आणि दोनच दिवसांत गंभीर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नव्हता. विनवण्या झाल्या, फी ठरली, तेव्हा तो आला तो वस्तीबाहेर तपासण्याच्या अटीवर. त्या आजारी बाईला तान्ह्या बाळासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या. परत येतानाही तसाच आला. न्यूमोनिया आहे असे सांगून डॉक्टर गेला. पुन्हा बोलावले तर आला नाही. बाई मेली.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून सांगतो. तो मरणाच्या इतिहासाचाही पुरावा आहे. मरणाऱ्या माणसाला शेवटी जे हवे असते, म्हणजे कपाळावर हात, जवळ माणूस, खरे बोलणारा वैद्य, तेच जातीने आपल्याला नाकारले. अशा वेळी मरीआई, भगत, अंगारा यांच्याखेरीज वस्तीकडे काय होते? ज्यांच्याकडे डॉक्टर येत नाही त्यांच्याकडे भगत येतो. तेव्हा हे खरे होते आणि त्या आजीच्या घरीही खरे ठरले.

फुल्यांनी पुरोहित हटवला, सावित्रीबाईंनी हात दिला

दुसऱ्या बाजूला शूद्रांच्या घरी मरणाच्या वेळी पुरोहित येत होता, पण वसुलीला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये पहिल्याच प्रकरणात हे दाखवले आहे. शेतकरी जन्माला येण्याआधीपासून मेल्यानंतरपर्यंत भटभिक्षुक त्याला धर्माच्या नावाखाली कसे लुबाडतात, याचा तो हिशेबच आहे. दु:खात बुडालेले घर नाही म्हणू शकत नाही, हे ओळखून मरणाचा बाजार मांडला गेला होता. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने म्हणूनच भटाशिवाय विधी करायला लोकांना शिकवले. १८८८ मध्ये फुल्यांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. तरी डाव्या हाताने लिहीत त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि पुस्तक त्यांच्या मागे, १८९१ मध्ये निघाले.

सावित्रीबाईंचा शेवट तर सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात प्लेगची साथ असताना मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतः उचलून आणले. त्यातून लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. प्लेगच्या भीतीने सख्खे नातेवाईक पळत होते तो हा काळ. सावित्रीबाई शिक्षिका होत्या हे आपण दर ३ जानेवारीला सांगतो. त्या रुग्णसेविका म्हणून मेल्या हे १० मार्चला किती मंडळे सांगतात?

म्हणजे १९५६ च्या आधीच आपल्या परंपरेत दोन गोष्टी पक्क्या झाल्या होत्या. मरणाच्या दारातून पुरोहिताला हटवायचे, आणि मरणाऱ्याजवळ स्वतः जायचे. पहिली आपण उचलली. दुसरी फोटोला हार घालण्यापुरती राहिली.

१९५६: पहिला मोठा विधी अंत्यविधीच होता

असे का झाले याचे एक कारण इतिहासात दिसते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची आणि ब्राह्मणाच्या हातून कोणतेही क्रियाकर्म न करण्याची प्रतिज्ञा होती. म्हणजे जुना विधी त्याच दिवशी संपला. नवा रुळायला वेळ हवा होता आणि तो मिळाला नाही. ५३ दिवसांत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर लाखोंच्या जनसागरासमोर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले आणि भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच जमलेल्या हजारो लोकांना दीक्षा दिली. नवबौद्ध समाजाचा दीक्षेनंतरचा पहिला विराट सार्वजनिक विधी हा आपल्या बापाचा अंत्यविधी होता.

पुढच्या काळात खेड्यापाड्यांत पहिली लढाईही मयतावरच झाली. भट बोलवायचा की नाही, दहावा-तेरावा करायचा की नाही, भावकी काय म्हणेल, यावर घरे भांडली. भारतीय बौद्ध महासभेच्या बौद्धाचार्यांनी एकेक घर गाठून हे बदलले. जिथे शत्रू उभा होता तिथे आपण लढलो. पण मरणाआधीच्या आठवड्यांत कोणी भट उभा नव्हता. तिथे लढायला कोणी दिसले नाही, म्हणून ती जागा आपल्या कार्यक्रमपत्रिकेतच आली नाही. त्या पिढीला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. तिने आपल्या वाट्याचे काम केले. उरलेले काम आपले आहे.

बाबासाहेबांना या क्षणाची ओळख नव्हती असे नाही. १९१३ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले आणि वडिलांच्या आजाराची बातमी आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी मुंबईला पोहोचले तेव्हा सुभेदार रामजी जणू त्यांचीच वाट पाहत होते. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि २ फेब्रुवारी १९१३ ला प्राण सोडला. पुढे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या शेवटच्या खंडात बाबासाहेबांनी बुद्धाच्या माणुसकीबद्दल लिहिताना आजाऱ्यांविषयीच्या त्याच्या कळवळ्याला स्वतंत्र जागा दिली. हा ग्रंथ आपल्या घराघरांत आहे. तो भाग किती वाचन वर्गांत वाचला जातो?

धम्मात काय सांगितले आहे

त्या भागातली मुख्य गोष्ट विनयपिटकातली आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. बुद्ध आनंदासह फिरत तिथे आला. तुला बघणारे कोणी नाही का, असे त्याने विचारले. भिक्खू म्हणाला, नाही, कारण मी इतरांच्या काही उपयोगाचा नव्हतो. बुद्धाने आनंदाला पाणी आणायला लावले. बुद्धाने पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी मिळून उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून बुद्धाने सांगितले की तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी.

यानंतर चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करून देता येणे. काय सोसते, काय सोसत नाही हे कळणे. लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस न करणे. आणि पाचवा, वेळोवेळी धम्माच्या बोलण्याने आजाऱ्याचे मन उभारणे. हा क्रम नीट पाहा. चार गुण शरीराच्या सेवेचे आहेत आणि पाचवा मनाच्या. आधी पाणी, मग धम्म. आधी धुणे, मग बोलणे. आणि पाचव्याशिवाय यादी पुरी होत नाही.

दुसरी गोष्ट अनाथपिंडिकाची. जेतवन विहार देणारा हा मोठा उपासक मरणाला टेकला होता. सारिपुत्त आणि आनंद त्याच्याकडे गेले. सारिपुत्ताने आधी विचारले की दुखणे कमी आहे की वाढते आहे. मग त्याने अनासक्तीचा खोल उपदेश केला. अनाथपिंडिक रडू लागला. भीतीने रडत नव्हता. इतकी वर्षे बुद्धाजवळ राहून असे बोलणे मी कधी ऐकले नाही, असे तो म्हणाला. आनंदाने सांगितले की पांढऱ्या वस्त्रातल्या गृहस्थांना असा उपदेश करत नाहीत. त्यावर मरणाच्या दारातल्या त्या माणसाने काय मागितले? गृहस्थांनाही हे सांगा, समजू शकणारे आमच्यातही आहेत. ज्ञान मोजक्यांच्या हाती राहू नये ही मागणी एका उपासकाने मृत्युशय्येवरून केली. आंबेडकरी माणसाला या सुत्ताचे मोल वेगळे समजावून सांगायला नको.

तिसरी गोष्ट आम्हाला सर्वांत जवळची वाटते. भग्ग देशात नकुलपिता नावाचा गृहस्थ फार आजारी होता. त्याची बायको नकुलमाता त्याच्या उशाशी बसली आणि म्हणाली की मनात चिंता ठेवून मरू नका. तुम्हाला वाटत असेल की माझ्यामागे ही पोराबाळांना कशी सांभाळेल. पण मला कापूस कातता येतो, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मग एकेक करून त्याच्या मनातल्या सहा चिंता तिने स्वतः बोलून दाखवल्या आणि प्रत्येकीला उत्तर दिले. मी दुसरे घर करणार नाही, बुद्ध आणि संघ यांच्या दर्शनाला जात राहीन, शील पाळीन. नकुलपिता त्या आजारातून उठला. काठी टेकत बुद्धाकडे गेला तेव्हा बुद्धाने सांगितले की अशी हितचिंतक तुला लाभली हे तुझे भाग्य.

आमच्या खानदेशातल्या बाया आयुष्यभर कापूस वेचतात. धम्माच्या इतिहासात मरणासन्न माणसाला धीर देणारी एक अत्यंत शहाणी व्यक्ती ही कापूस कातणारी एक गृहिणी आहे. तिच्याकडे चीवर नव्हते, पदवी नव्हती. नवऱ्याच्या मनात काय सलते हे ओळखण्याची आणि ते उघड बोलण्याची हिंमत तिच्याकडे होती.

कोणी म्हणेल, हे घरातले झाले. बाहेरच्या उपासकाने काय करावे? हाच प्रश्न महानाम शाक्याने कपिलवस्तूला विचारला होता. आजारी उपासकाला दुसऱ्या उपासकाने कसा धीर द्यावा? बुद्धाने क्रमच सांगितला. आधी बुद्ध, धम्म, संघ आणि स्वतःचे शील यांवरच्या त्याच्या विश्वासाची आठवण द्यावी. मग विचारावे की आई-वडिलांत मन अडकले आहे का, बायको-मुलांत अडकले आहे का. एकेक गाठ हळूहळू सोडवत न्यावी, देवलोकाची ओढही सोडवावी. शेवटी बुद्ध म्हणतो की अशा रीतीने चित्त मुक्त झालेला उपासक आणि शंभर वर्षांपूर्वी मुक्त झालेला भिक्खू यांच्या मुक्तीत काही फरक नाही. मरणाच्या क्षणी इतकी पूर्ण समता दुसऱ्या कोणत्या धर्माने सामान्य माणसाला दिली?

खानदेशच्या डोंगरांतला पुरावा

हे केवळ पोथीत नाही. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगर चढून गेले की पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीच्या या लेण्यांत दात्यांची नावे कोरलेली आहेत आणि त्यांत मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबाची दाने आहेत. यावरून तिथे दवाखाना होता असे कोणी म्हणू नये. पण वैद्याचे घर विहाराला आपले मानत होते एवढे तो दगड नक्की सांगतो. अशोकाने दुसऱ्या शिलालेखात माणसांच्या आणि जनावरांच्या उपचाराची सोय केल्याचे नोंदवले आहे, त्याच परंपरेतला हा धागा आहे.

जळगावहून ६० किलोमीटरवर अजिंठा आहे. आपण सहली घेऊन जातो, २६ व्या लेण्यात महापरिनिर्वाणाच्या मूर्तीसमोर फोटो काढतो. पाचव्या शतकातली ती सुमारे ७ मीटर लांबीची मूर्ती म्हणजे खरे तर एका मृत्युशय्येचे शिल्प आहे. दोन शालवृक्षांच्या मध्ये बुद्ध उजव्या कुशीवर आहे आणि खालच्या पट्टीत त्याची माणसे शोकात बसली आहेत. शिल्पकाराने मरण लपवले नाही आणि रडणाऱ्यांनाही लपवले नाही.

त्या शेवटच्या प्रसंगी बुद्धाने काय केले ते महापरिनिब्बान सुत्तात आहे. आनंद दाराशी टेकून रडत होता. बुद्धाने त्याला बोलावून घेतले, तू माझी किती वर्षे किती मनापासून सेवा केलीस हे सर्वांसमोर सांगितले. ज्याच्या घरचे शेवटचे जेवण बाधले त्या चुंदाला पुढे अपराधी वाटू नये म्हणून निरोप ठेवला. मरणारा माणूस सेवा करणाऱ्यांचे सांत्वन करत होता. सेवा करणाराही मोडतो, त्यालाही सोबत लागते, हे या शिल्पासमोर उभे राहून आपल्या पोरांना सांगितले पाहिजे.

'विहार' हा शब्द जपानने उचलला

१९८५ मध्ये जपानमध्ये तामिया मासाशी यांनी एक प्रश्न उपस्थित केला. हॉस्पिस ही ख्रिस्ती परंपरेतून आलेली कल्पना आहे, मग बौद्धांच्या अशा जागेला काय म्हणायचे? त्यांनी नाव सुचवले: विहार. १९९२ मध्ये नागाओका शहरातल्या एका रुग्णालयात 'विहार' नावाने मरणासन्न रुग्णांचा विभाग सुरू झाला. आपल्या प्रत्येक वस्तीत विहार आहे. त्यात जयंतीचे नियोजन होते, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास होतो, लग्ने लागतात. पण आजाऱ्याचे नाव त्याच्या फलकावर कुठेच नसते. आपलाच शब्द दूरच्या देशाने मरणाऱ्या माणसासाठी वापरला, हे वाचून आम्ही खजील झालो.

केरळचे उदाहरण तर देशातलेच आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला उपशामक सेवेची संस्था सुरू झाली आणि तिथून शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना सांभाळण्याची चळवळ उभी राहिली. शिक्षक, रिक्षावाले, विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन आठवड्यातले दोन तास देतात. २००८ मध्ये तिथल्या सरकारने यासाठी धोरण केले. यात कुठेही फार पैसा लागला म्हणून काम झाले असे नाही. माणसे संघटित होती म्हणून झाले, आणि संघटना तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: यातून नवे भटजी तयार होतील. धोका खरा आहे. म्हणून नियम कडक हवा. या कामाची दक्षिणा नाही, पावती नाही, देणगीची अपेक्षा नाही. मैत्रीने सेवा, लोभाने नाही, हा पाच गुणांपैकी तिसरा गुण हाच आपला नियम.

दुसरा आक्षेप: परित्राण पाठ म्हणजे पुन्हा मंत्रतंत्रच. गाथा म्हटल्याने कर्करोग बरा होतो असे जो सांगेल त्याला आपण तिथेच थांबवले पाहिजे. पण जिने चाळीस वर्षे विहारात गाथा म्हटल्या त्या आजीच्या उशाशी त्याच गाथा शांतपणे म्हटल्या तर तिचा श्वास संथ होतो, हे आम्ही पाहिले आहे. ती जादू नाही, ओळखीचा आधार आहे. आणि एखाद्या म्हाताऱ्याने शेवटी विठ्ठलाचे नाव घेतले तर? त्या खाटेशी वाद घालायचा नाही. वादाला आयुष्य पुरले नसेल तर शेवटचा आठवडा ती जागा नाही. हे मत सर्वांना पटणार नाही, पण आम्ही ते विचारपूर्वक मांडत आहोत.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा: हे सरकारचे काम आहे. होय, आहे. वेदनेने तळमळणाऱ्याला धम्म सांगणे ही क्रूरता आहे. आधी मॉर्फिन हवे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते आणि तिच्यापासून बनणारे मॉर्फिन खेड्यातल्या रुग्णाला मिळत नाही. १९८५ च्या कायद्याची जाचक कलमे २०१४ च्या दुरुस्तीने सैल झाली. राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रम २०१२ पासून कागदावर आहे. आयुष्मान आरोग्य मंदिरांनी द्यायच्या सेवांत वृद्धांची आणि उपशामक सेवा मोडते. मग आपल्या तालुक्यात ती कुठे मिळते, हे माहितीच्या अधिकारात विचारणे हेही याच सेवेचे अंग आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कात धरला. तो हक्क मोठ्या शहरातल्या विमाधारकापुरता राहणार की अमळनेरच्या शेतमजूर बाईपर्यंत येणार, हा आपला प्रश्न आहे.

उद्यापासून काय

आम्ही आमच्या मंडळात सुरुवात केली आहे, ती लहान आहे. विहारात एक वही ठेवली आहे. वस्तीत कोण दीर्घ आजारी आहे त्याची नोंद घरच्यांच्या परवानगीने होते. दोघे-दोघे मिळून आठवड्यातून एकदा जातो, त्यांत एक बाई असतेच. गेल्यावर आधी विचारतो की दुखते आहे का, झोप लागते का. पाणी, चादर, कूस बदलणे यात हात लावतो. मग बसतो. बोलायचे असेल तर ऐकतो. कोणाला भेटायचे आहे, कोणाची माफी मागायची आहे, शेताचे किंवा पोरीचे काय करायचे, हे सलत असेल तर मार्ग काढतो. मागितले तर गाथा म्हणतो. निघताना घरात जी राबत असते तिलाही विचारतो की तू जेवलीस का.

यातले काही अवघड आहे का? अवघड एकच आहे, पुन्हा जाणे. भाषणाला टाळ्या असतात, इथे नसतात. आमच्यातलेही काही जण दोन भेटींनंतर आले नाहीत. घाबरले. तेही समजून घ्यावे लागते. पण जे टिकले त्यांनी सांगितले की धम्म त्यांना वाचनापेक्षा इथे जास्त कळला.

ज्यांच्या आजोबांनी दुसऱ्यांच्या मरणाची खबर गावोगाव पोहोचवली त्यांची आपण नातवंडे आहोत. ती वेठ होती. आता स्वेच्छेने, समतेने, एकमेकांच्या मरणाजवळ बसायला शिकू. जलदान विधीला या, जरूर या. पण त्या घरी पहिल्यांदा त्या दिवशीच जाऊ नका. आज तुमच्या गल्लीत कोण अंथरुणावर आहे ते विचारा आणि संध्याकाळी अर्धा तास काढा.

आम्ही त्या आजीकडे तिसऱ्यांदा गेलो नाही. तुम्ही जा.

नमो बुद्धाय, जय भीम!